टर्बोआधी प्रोब की ओबीडीवरचा आकडा? डिझेल मोटरहोममध्ये एक्झॉस्टचे तापमान पाहण्याच्या मार्गांची तुलना

डिझेल मोटरहोममध्ये एक्झॉस्टचे तापमान डोळ्यांसमोर असायला हवे, हे ज्यांना पटलेले आहे त्यांच्यासाठी ही तुलना आहे. कूलंटचा काटा का पुरत नाही, याची चर्चा येथे लांबवत नाही. सामानाने भरलेली गाडी लांब चढणीवर वरच्या गिअरमध्ये ओढली जात असताना एक्झॉस्टचे तापमान थोड्याच वेळात शे-दोनशे अंशांनी चढते आणि कूलंटला त्याचा पत्ता बराच उशिरा लागतो, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे. प्रश्न आहे तो तापमान कोठे आणि कशाने मोजायचे, याचा. मार्ग तीन आहेत: गाडीत आधीपासून असलेले सेन्सर ओबीडी पोर्टमधून (गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्याच्या जोडणीतून) वाचणे, टर्बोनंतरच्या (एक्झॉस्टवर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या टर्बाइननंतरच्या) पाइपात प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी कांडी बसवणे, किंवा टर्बोआधी थेट मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांतून निघणारे वायू गोळा करणाऱ्या नळीत) प्रोब बसवणे. पहिला आणि तिसरा मार्ग मी स्वतः वापरला आहे. दुसऱ्याचा विचार करून तो सोडून दिला.

ओबीडीचा मार्ग कोणालाही आधी मोहात पाडतो, आणि त्यात गैर काही नाही. ईएलएम ३२७ जातीचा अडॅप्टर पोर्टमध्ये खोचायचा, फोनवर अ‍ॅप सुरू करायचे आणि आकडा पाहायचा. ना ड्रिल, ना वायरिंग, ना वॉरंटीची चिंता. प्रमाणित ओबीडीमध्ये एक्झॉस्ट तापमानासाठी ७८ क्रमांकाचा पीआयडी (माहिती मागवण्याचा कोड) आहे आणि त्यात एका बँकेवरच्या (सिलिंडरांच्या एका रांगेवरच्या) चार सेन्सरांपर्यंतची माहिती येऊ शकते. जुन्या इंजिनांवर असा सेन्सरच नसतो, त्यामुळे त्यांच्या मालकांसाठी हा मार्ग तेथेच संपतो. नव्या इंजिनांवर सेन्सर असतात, पण ते उत्पादकाने स्वतःच्या गरजेसाठी बसवलेले असतात आणि ती गरज बहुधा ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट (एक्झॉस्टमधले न जळलेले इंधन जाळणारा भाग) व डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) यांच्यावर देखरेख ठेवण्याची असते. अ‍ॅपवर सेन्सर एक, सेन्सर दोन एवढेच दिसते. त्यांतला कोणता पाइपाच्या कोणत्या भागात आहे, हे सर्व्हिस मॅन्युअल उघडल्याशिवाय कळत नाही.

माझ्या गाडीत वाचता येणारे सगळे सेन्सर टर्बोनंतरचे होते, आणि ज्या एका त्रासाने माझा निर्णय झाला तो येथूनच सुरू झाला. डीपीएफमध्ये काजळी साठली की इंजिन रिजनरेशन, म्हणजे ती काजळी जाळून टाकण्याची प्रक्रिया सुरू करते. त्यासाठी जादा डिझेल उशिरा फवारले जाते, ते कॅटॅलिस्टमध्ये जळते आणि त्याच्या मागचा सेन्सर ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहूनही वरचा आकडा दाखवू लागतो. हे सपाट रस्त्यावर, पाय हलका असतानाही घडते आणि त्यात इंजिनाला धोका काहीच नसतो. मी वापरत असलेल्या अ‍ॅपला रिजनरेशनची उष्णता कोणती आणि चढणीवरच्या ओढीची कोणती, हा फरक कळत नव्हता. अलार्मची मर्यादा ५५० वर ठेवली तर प्रत्येक रिजनरेशनला तो वाजत राही. ७०० वर ठेवली तर रिजनरेशनला गप्प बसे, पण चढणीवरही गप्पच बसे, कारण टर्बोनंतर तेवढे तापमान होईपर्यंत टर्बोआधी ते केव्हाच मर्यादेबाहेर गेलेले असते. कॅटॅलिस्टच्या अलीकडचा सेन्सर निवडून पाहिला. खोटे इशारे कमी झाले, संपले मात्र नाहीत. पुढेपुढे तर अलार्म वाजला की शेजारी बसलेली माझी पत्नी रस्त्यावरची नजरही न हलवता फोनकडे हात नेऊन तो बंद करू लागली. ज्या इशाऱ्याची माणसाला अशी सवय होते, तो नेमका गरजेच्या वेळी ऐकला जाईल याची खात्री मला उरली नाही. आकडा किंचित उशिरा येतो, नकाशा उघडला की अ‍ॅप मागे जाते, या तक्रारीही होत्या. पण त्या मी सोसल्या असत्या.

टर्बोनंतरच्या पाइपात प्रोब बसवण्याचा मार्ग मधला आहे. काम सोपे असते, पाइप काढून त्यावर बॉस (प्रोब बसवण्याचा आटे असलेला तुकडा) वेल्ड करता येतो आणि प्रोबचे टोक तुटले तरी ते टर्बाइनच्या पात्यांवर जात नाही. ही शेवटची बाब ज्यांना फार महत्त्वाची वाटते त्यांना मी आग्रह करणार नाही. मात्र टर्बाइन वायूतली उष्णता घेऊनच फिरते, त्यामुळे भाराखाली तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या तापमानात साधारण १०० ते २०० अंशांचा फरक पडतो. शिवाय तो भाराप्रमाणे आणि बूस्टप्रमाणे (टर्बोने दिलेल्या हवेच्या दाबाप्रमाणे) बदलतो. म्हणजे ठरावीक बेरीज करून खरा आकडा काढावा, तर तेही नीट जमत नाही.

उरतो टर्बोआधीचा प्रोब. के-प्रकारचा थर्मोकपल (दोन धातूंच्या जोडावरचे तापमान विजेच्या संकेतात सांगणारा सेन्सर), जिथे सर्व सिलिंडरांचे वायू एकत्र येतात तेथे, टोक प्रवाहाच्या मध्यावर येईल असा. ट्विन-स्क्रोल (दोन वेगळ्या वाटांनी वायू घेणाऱ्या) टर्बोच्या दुभागलेल्या मॅनिफोल्डमध्ये तो अर्ध्याच सिलिंडरांचे तापमान सांगतो, हे मात्र मान्य करावे लागते. बिडाच्या मॅनिफोल्डला भोक पाडून १/८ इंची एनपीटीचे (निमुळत्या पाइप-जोडाचे) आटे काढणे, हे या मार्गातले खरे अवघड काम आहे. इंजिन आयडलवर ठेवून भोक पाडावे, म्हणजे वायूचा दाब चुरा बाहेर फेकतो, असे सांगणारे अनुभवी लोक आहेत. माझे मत थोडे जुन्या वळणाचे आहे: टर्बो उतरवावा, भोक पाडावे, आतून चुंबक फिरवून चुरा काढावा आणि नवी गॅस्केट घालून टर्बो परत चढवावा. दिवस जास्त लागतो, पण टर्बाइनमध्ये काय गेले असेल ही शंका राहत नाही. प्रोब ३ मिलिमीटर जाडीचा असेल तर प्रतिसाद चटकन मिळतो. ६ मिलिमीटरचा दणकट असतो, पण सुस्त.

वायरिंगबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इंजिन मागे असलेल्या मोठ्या मोटरहोममध्ये वायर पार डॅशबोर्डपर्यंत आणावी लागते आणि तेथेच पैसे वाचवण्याचा मोह होतो. वाढीव वायरही के-प्रकारचीच हवी. साधी तांब्याची वायर जोडली आणि तो जोड इंजिनाजवळ ८० अंशांवर, तर गेज केबिनमध्ये २५ अंशांवर असेल, तर गेज सुमारे ५५ अंश कमी दाखवेल. म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला झुकते. ध्रुवांकडेही लक्ष द्यावे. अमेरिकी रंगपद्धतीत के-प्रकाराची पिवळी वायर धन आणि लाल वायर ऋण असते, तर आंतरराष्ट्रीय पद्धतीत हिरवी धन आणि पांढरी ऋण. सवयीने लाल वायर धन टोकाला जोडली की इंजिन तापू लागताच गेजवरचा आकडा उलटा उतरू लागतो. थर्मोकपलचा संकेत प्रत्येक अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट असतो, म्हणून तो अल्टरनेटरच्या जाड वायरीपासून दूर न्यावा आणि प्रोबही शक्यतो आवरणापासून विलग जोड असलेला घ्यावा.

एवढे सगळे केल्यानंतर जे मिळते ते मला तरी या खटपटीच्या तोलाचे वाटले. माझ्या डिजिटल गेजवर ६५० ला पहिला आणि ७०० ला दुसरा इशारा लावलेला आहे. ॲल्युमिनिअमचे पिस्टन असलेल्या इंजिनांत सलग भारासाठी टर्बोआधी ७०० अंशांच्या आसपासची मर्यादा सर्वसाधारणपणे पाळली जाते, पण इंजिनाच्या उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरावा. चढणीवर एक गिअर खाली घेतला, आरपीएम वाढले आणि पाय किंचित सैल केला की आकडा लगेच खाली येऊ लागतो, कारण तेवढ्याच वेगासाठी इंजिनाला आता अधिक हवा मिळते. उंचावर हवा विरळ होते, तेव्हा तीच चढण तोच वेग ठेवूनही अधिक तापते, हेही आता समोर दिसते. चढण संपवून गाडी थांबवली की आकडा २०० च्या खाली उतरेपर्यंत इंजिन आयडलवर ठेवतो. पूर्वी हा वेळ अंदाजाने ठरत असे.

माझा अनुभव एका गाडीपुरता आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे. इंजिन मूळ स्थितीत असेल, वॉरंटी चालू असेल आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये टर्बोआधी सेन्सर असल्याचे स्पष्ट लिहिलेले असेल, तर ओबीडी पुरेसे ठरावे. अशा इंजिनांत ईसीयूही (इंजिनाचा नियंत्रक संगणकही) तापमान पाहून इंधन आवरू शकते. पण इंजिन ट्यून केलेले असेल, मागे ट्रेलर ओढायचा असेल, किंवा इंजिन इतके जुने असेल की त्याला स्वतःहून काहीच समजत नाही, तर ड्रिलची भीती बाजूला ठेवून मॅनिफोल्डमधलाच प्रोब घ्यावा, असे मला वाटते.

ओबीडी अडॅप्टर मी काढून टाकलेला नाही. अ‍ॅपचा अलार्म बंद आहे, पण कॅटॅलिस्टनंतरचा आकडा अजूनही पाहतो: मुक्कामाच्या जागी पोहोचताना तो ६०० च्या घरात असेल तर रिजनरेशन चालू आहे हे कळते, आणि मग ते अर्धवट तोडण्यापेक्षा थोडे पुढे जाऊन, ते पूर्ण झाल्यावरच गाडी बंद करतो.