काळ्या पट्टीखालची काच

सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. ही मापं मी दोन वर्षं डोक्यात घेऊन हिंडत होतो. आफ्रिकेतल्या मालावी सरोवरातले सिक्लिड मासे पाळायचे, त्यातही पीकॉक आणि हॅप हे प्रकार, तर टँकला लांबी हवीच. हॅपमधले काही नर आठ-दहा इंचांपर्यंत जातात, आणि जागा अपुरी पडली की सगळ्यात दांडगा नर उरलेल्यांना कोपऱ्यात दाबून दाबून मारतो. चार फुटी टँकमध्ये हे मी एकदा पाहिलं होतं, म्हणून या वेळी बांधूनच घ्यायचा ठरवला.

ज्याच्याकडून बांधून घेतला त्याचं नाव लिहीत नाही. त्यानं फसवलं कसं, ते मात्र सविस्तर लिहितो. तो सरळ खोटं फार थोडं बोलला. बहुतेक वेळा खरंच बोलायचा, आणि मी त्या खऱ्यालाच भुललो.

ठरलं होतं ते असं: चारही बाजूंना १२ एमएम काच, तळाला १२ एमएम टफन, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली काच (त्याचे वेगळे पैसे), वर मधोमध आधाराची आडवी पट्टी (ब्रेस), ॲक्वेरियमचं सिलिकॉन, खाली मरीन प्लायचं स्टँड आणि त्यात संप, म्हणजे पाणी गाळायची खालची टाकी. हे सगळं तोंडी. मी कागदावर लिहून मागितलं, तर म्हणाला, "साहेब, माझं काम बघा, कागद काय बघता?" काम खरंच देखणं होतं. त्याच्या जुन्या टँकचे फोटो पाहून मी खूश झालो. सगळ्या टँकना वरच्या कडेला काळी, चकचकीत पीव्हीसीची पट्टी. फिनिशिंग काय सुरेख आहे, असंच मला वाटलं.

काचा जोडायच्या आधी त्यानं मला वर्कशॉपवर बोलावलं. तळाच्या काचेला जादा पाणी संपमध्ये उतरवणाऱ्या ओव्हरफ्लोच्या पाइपसाठी भोकं पाडायची होती. त्यानं डायमंडचा होल-सॉ लावला आणि मला पाण्याची बाटली देऊन म्हणाला, "थेंब थेंब सोडत राहा, काच तापायला नको." मी वाकून पाणी सोडत होतो, पांढुरका गाळ भोकाभोवती साचत होता, आणि दहा मिनिटांत नाण्यासारखी गोल चकती खाली पडली. मी त्याचा व्हिडिओसुद्धा काढला. आज तो बघतो तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. टफन काचेला भोक पाडता येतच नाही! कापणं, घासणं, भोकं पाडणं, सगळं ती भट्टीत जायच्या आधी. नंतर ड्रिल लावलं तर अख्ख्या काचेचा दाणे-दाणे होऊन चुरा होतो. म्हणजे तळ साधा होता, आणि त्याचा पुरावा मी स्वतःच्या हातानं पाणी घालून तयार करत होतो. साधा तळ वाईट नसतो, पुरेसा जाड असेल तर उत्तम चालतो. पण टफनचे पैसे त्यानं घेतले होते.

दुसरं, वासाचं. सिलिकॉन लावताना म्हणाला, "वास घ्या. व्हिनेगरचा येतोय ना? म्हणजे अस्सल." आला की वास! टँकसाठी वापरतात ते सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, हे शंभर टक्के खरं. पण बाथरूमच्या फटी भरायच्या सिलिकॉनलाही कित्येकदा तोच वास येतो, आणि त्यात बुरशी धरू नये म्हणून औषध घातलेलं असतं. ते औषध पाण्यात उतरून मासे मारू शकतं. मला हे कसं कळलं? टँक पोचवून त्याची माणसं गेल्यावर स्टँडच्या मागच्या कप्प्यात सिलिकॉनची एक रिकामी नळकांडी सापडली. तिच्यावर नळाचं आणि फरशीचं चित्र होतं, आणि खाली बारीक अक्षरात बुरशीरोधक असल्याचं लिहिलं होतं.

पण हे नंतरचं. आधी पैशांचं सांगतो.

तीन हप्ते ठरले होते, शेवटचा टँक घरी बसवल्यावर. बसवल्याच्या दिवशी मी म्हणालो, पाणी भरून दोन दिवस बघू, मग देतो. तो हसला. "आठ दिवस पाणी भरायचंच नाही साहेब. सिलिकॉन पक्कं व्हायला वेळ लागतो. घाई केली तर जोड उघडेल, मग मला बोलायचं नाही." हेही खरं! एवढ्या जाड जोडाला आठवडाभर द्यावाच लागतो. पण म्हणून मी त्याचे पैसे आठ दिवस अडकवायचे का, असा चेहरा करून तो दारात उभा राहिला. चार माणसं टँक उचलून घामाघूम झालेली. मला लाज वाटली आणि मी सगळे पैसे देऊन टाकले. सगळ्या प्रकरणात माझी खरी चूक कुठली असेल तर ही. भरलेला टँक किमान ४८ तास उभा राहिल्यावरच शेवटचा हप्ता द्यायचा, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यायला हवं होतं. तेव्हा दारात लाजायची वेळच आली नसती.

नवव्या दिवशी पाणी भरलं. साधारण ६८० लिटर, म्हणजे ६८० किलो. गळती नाही. मी समाधानानं समोर बसलो. मुलगी येऊन म्हणाली, "बाबा, काचेत खिडकी वाकडी का दिसते?" समोरच्या काचेत खिडकीचं प्रतिबिंब पडलं होतं आणि तिच्या उभ्या गजांना मधोमध पोट आलं होतं. मी अॅल्युमिनियमची लांब सरळ पट्टी काचेला आडवी लावली. ती मध्यावर टेकली आणि दोन्ही टोकांनी डुलत राहिली.

त्याला फोन केला. "काच थोडी फुगतेच साहेब, सगळ्या टँकची फुगते." पुन्हा खरं. पाणी भरल्यावर कुठलीही काच जराशी बाक घेते. पण किती, हे जाडीवर ठरतं, आणि जाडी बघायची तर कड दिसायला हवी. कडेवर पट्टी.

रात्री पाणी निम्मं काढलं. पातीनं पट्टीचं एक टोक उचकटलं, खाली कड दिसली, व्हर्नियर लावला. ९.८. दुसरीकडे ९.९. मागची काच, डावी, उजवी, सगळीकडे तेच. साध्या सपाट (फ्लोट) काचेत ०.३ एमएमचा फरक चालतो, म्हणजे १२ ची काच ११.७ भरली असती तर तक्रार नव्हती. ही सरळसरळ १० ची काच होती. दोनच एमएम, असं वाटेल. पण काचेची ताकद जाडीच्या वर्गानं बदलते. १२ च्या जागी १० घातली की जवळजवळ तीस टक्के ताकद गेली, आणि ताठपणा तर घनानं घटतो, तो चाळीस टक्क्यांहून जास्त गेला. दोन फूट उंचीला आधीच फार सवलत नसते. पाण्याचा दाब लांबीवर नाही, उंचीवर ठरतो, त्यामुळे "सहा फुटाला दहा चालते" असं कुणी म्हटलं तर त्याला तसा काही अर्थ नाही. किती फूट उंचीला, ते विचारायचं.

वजनावरूनही कळलं असतं. काच दर चौरस मीटरला, दर एमएमला अडीच किलो भरते. या मापाचा रिकामा टँक १२ एमएममध्ये सव्वाशे किलोच्या आसपास जातो, १० मध्ये शंभरच्या. पण उचलताना माणसांच्या कपाळावरचा घाम बघून कोण हिशेब करतं?

तळ टफन आहे का, हे न फोडता बघता येतं. तळाच्या काचेच्या एका बाजूला लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन धरायचा, दुसऱ्या बाजूनं पोलराइज्ड गॉगल घालून बघायचं. टफन असेल तर काचेत काळसर ठिपके किंवा पट्टे उमटतात. माझ्या तळात काही उमटलं नाही. स्टँडही पाइपच्या भोकापाशी खरवडून पाहिलं, तर लॅमिनेटच्या आत प्लाय नाही, दाबलेला भुसा होता, आणि भरताना सांडलेल्या पाण्यानं तो एव्हाना फुगला होता. संपच्या तळाशी अंथरायला दिलेली "कोरल सँड" मूठभर घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाकलं. खऱ्या कोरलला फेस येतो, कारण ते चुनखडीचंच. ही ओली होऊन गप्प बसली. मालावीचं पाणी ७.७ ते ८.६ पीएचचं. या वाळूनं त्यात काडीचाही फरक पडला नसता.

मासे मी त्याच्याकडूनच घेतले होते, आणि ते जुन्या चार फुटी टँकमध्ये होते म्हणून तरी वाचले. दोन-दोन इंचांचे पीकॉक, आणि सगळे निळेभोर, पिवळेजर्द. त्या वयात पीकॉकची पिल्लं करडी असतात, नराला रंग हळूहळू मोठा होताना चढतो. एवढीशी पिल्लं, आणि एकजात सगळीच रंगीत, म्हणजे हार्मोन देऊन रंगवलेली. चार महिन्यांत रंग उतरला. मग त्यातल्या एका "नरानं" खाणं सोडलं. हनुवटी फुगलेली, तोंड घट्ट मिटलेलं. मालावीच्या या माद्या अंडी तोंडात सांभाळतात, तीन आठवडे. मुलीनं त्याचं नाव विक्रम ठेवलं होतं.

मालावीत एक हॅप आहे, लिव्हिंग्स्टोनी. तो मेल्याचं सोंग घेऊन वाळूवर आडवा पडतो आणि कुरतडायला आलेले छोटे मासे गिळतो. पाहुण्यांना मी हे कितीदा रंगवून सांगितलंय!

मापांचे फोटो पाठवून पैसे परत मागितले, तेव्हा त्यानं एकच विचारलं, "फुटला का? नाही ना फुटला?" नंतर फोन उचलला नाही. त्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही, म्हणून टँक वाचवायचा प्रश्नच नव्हता. जोड पातीनं कापून काचा सुट्या केल्या आणि भिंतीला टेकवून ठेवल्या.

परवा ओळखीतल्या एकानं मोबाइलवर स्वतःच्या नव्या सात फुटी टँकचा फोटो दाखवला. बनवणारा तोच. वरच्या कडेला काळी पट्टी. मी म्हटलं, पट्टी काढून कड मोजलीस का? तो म्हणाला, "अरे, ती आता चिकटवून झाली. आणि पैसेही देऊन झाले."