मॅनियातल्या पेशंटचा एमआरआय: मिरजेतल्या एका सेंटरचा अनुभव (५ पैकी ४)

सेंटरचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या भागात दादाला ओळखणारे खूप आहेत. पण घरच्या बायपोलर माणसाला (म्हणजे कधी डिप्रेशन, तर कधी मॅनिया, म्हणजे अति उत्साहाचा झटका, येणाऱ्याला) एमआरआयला न्यायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, म्हणून सविस्तर लिहितेय.

दादा ५४ वर्षांचा. तिशीत डिप्रेशन येऊन गेलं होतं, मॅनिया मात्र यंदा पहिल्यांदाच. झोप दोन-तीन तासांवर आली. सांगलीच्या मार्केट यार्डात ऐपतीबाहेर हळदीचे सौदे करून बसला, आणि एकदा तर रात्री तीन वाजता अख्खं गोडाऊन झाडायला काढलं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, या वयात पहिला मॅनिया दिसला की मेंदूत गाठ, जुना स्ट्रोक असलं काही नाही ना, हे आधी बघावं लागतं. बायपोलर आहे की नाही ते एमआरआयमध्ये दिसत नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं.

फोनवर मी पेशंट एका जागी बसत नाही म्हणून सांगितलं, तर रिसेप्शनवरच्या मुलीने काही न विचारता सकाळचा पहिला नंबर दिला. तिथे गेल्यावर खरी अडचण आली करदोड्याची. चांदीचा, लहानपणापासून कमरेला. दादा काढायलाच तयार नाही. टेक्निशियन पोरगा विशी-बाविशीचा असेल. म्हणाला, "काका, वहिनींच्या हातात द्या. बाहेर आल्याआल्या त्याच बांधतील." दादाने निमूट सोडून दिला. माझ्या पिना, बांगड्या, घड्याळ सगळं उतरवून घेऊन त्याने मलाही आत बसू दिलं. दोघांच्या कानात बोळे, दादाच्या हातात दाबायचा रबरी फुगा, आणि डोक्यावरच्या जाळीला छोटा आरसा. त्या आरशात त्याला मी दिसत होते. अर्धा तास ठकठक चालू होती आणि मी त्याचा पाय धरून बसले होते. मध्ये तो हलला, तेवढा भाग त्यांनी परत घेतला. वैतागले नाहीत, जादा पैसेही नाहीत.

फॉर्मवर औषधांत लिथियम (बायपोलरवरचं औषध) लिहिलेलं बघून त्यांनी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट मागितला. लिथियमवर असताना किडनीकडे लक्ष ठेवावं लागतं, आणि कॉन्ट्रास्टचं (चित्र आणखी स्पष्ट दिसावं म्हणून देतात ते) इंजेक्शन द्यायचं तरी किडनी बघावीच लागते. शेवटी रेडिओलॉजिस्ट मॅडमनी कॉन्ट्रास्टची गरजच नाही असं ठरवलं. ती सुई वाचली, खर्चही वाचला.

रिपोर्ट नॉर्मल आला. आम्हाला हायसं वाटलं, तर घरातले एक वडीलधारे म्हणाले, "मेंदू चांगला आहे ना? मग ही थेरं कसली?" वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी रिपोर्ट घेऊन थेट मॅडमकडे गेले, आणि या सेंटरला चार तारे द्यायचं मुख्य कारण त्यांनी दिलेली ती वीस मिनिटं.

त्या म्हणाल्या, बायपोलरमध्ये मेंदूच्या रचनेत फरक असतो, पण तो सरासरीत सापडतो. एनिग्मा नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१८ मध्ये ६,५०३ जणांचे एमआरआय एकत्र अभ्यासले. त्यातले २,४४७ बायपोलरचे, बाकीचे निरोगी. बायपोलर गटात मेंदूचं बाहेरचं करडं आवरण कपाळामागे, कानशिलाच्या आणि माथ्याच्या भागात पातळ निघालं. त्याच गटाच्या आधीच्या अभ्यासात हिप्पोकॅम्पस आणि थॅलॅमस हे मेंदूच्या आतले दोन भाग थोडे लहान, तर आतल्या पाण्याच्या पोकळ्या थोड्या मोठ्या दिसल्या होत्या. पण हे आवरण मुळात दोन-चार मिलिमीटरचं, आणि फरक त्यातल्या किंचित अंशाचा. दोन गावांतल्या पोरांची सरासरी उंची वेगळी निघाली, म्हणून समोरचा पोरगा कुठल्या गावचा ते उंचीवरून ओळखता येत नाही, असं त्यांनी समजावलं. त्यामुळे नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच, की गाठ किंवा स्ट्रोक नाही. आजार खोटा असा नव्हे. हे वाक्य मी त्या वडीलधाऱ्यांना जसंच्या तसं ऐकवलं.

वहिनीला लिथियमची धास्ती होती. त्याच अभ्यासात लिथियम घेणाऱ्यांचं आवरण न घेणाऱ्यांपेक्षा जाड आढळलं, हे ऐकून तिला धीर आला. ते लिथियममुळेच झालं असं एवढ्यावरून म्हणता येत नाही, हेही मॅडमनी स्पष्ट केलं, आणि मला तो प्रामाणिकपणा फार आवडला.

एक तारा कापला तो वेटिंग हॉलमुळे. टीव्हीवर मोठ्या आवाजात बातम्या चालू होत्या. मॅनियातल्या माणसाला अशा जागी बसवणं म्हणजे आगीत तेल. कोपऱ्यात एखादी शांत खोली हवीच. रिपोर्टही फक्त इंग्रजीत. खाली मराठीत दोन ओळी दिल्या असत्या तर वहिनीला स्वतःला वाचता आला असता.

आता पैशांचं. आम्हाला साध्या एमआरआयचे साडेसहा हजार पडले. त्याच आठवड्यात दुसऱ्या शहरातल्या एका दवाखान्याने १८ हजारांचं 'ब्रेन मॅपिंग' सुचवलं होतं. डोक्याला तारा लावून रंगीत चित्रं, आणि त्यावरून म्हणे बायपोलर पक्का कळतो. आम्ही केलं नाही, तुम्हीही करू नका. बायपोलरचं निदान आजही पेशंटशी आणि घरच्यांशी नीट बोलून, मागचा सगळा इतिहास विचारूनच होतं. ते पैसे लिथियमची पातळी, थायरॉइड आणि क्रिएटिनिन वेळच्या वेळी तपासायला ठेवा. लिथियमचं रक्त शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी द्यायचं असतं, म्हणजे सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची.

आणि निघताना फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या. पुढे कधी परत एमआरआय करावा लागला तर डॉक्टरांना आधीच्याशी ताडून बघता येतं.