अंगावरचं, काढलेलं की डब्यातलं? आणि सहा महिन्यांनंतर बदलणारं उत्तर

कामावर रुजू व्हायची तारीख जवळ आली, किंवा ‘बाळ अंगानं भरत नाही’ असं कुणी म्हटलं, की अंगावरचं पाजायचं की डब्यातलं हा प्रश्न एकदम तातडीचा होतो. पण पर्याय दोनच नाहीत. थेट अंगावर पाजणं, दूध काढून वाटीने किंवा बाटलीने देणं, पावडरचं फॉर्म्युला दूध देणं, आणि यांची सांगड घालणं, असे चार आहेत. शिवाय ही तुलना पहिल्या सहा महिन्यांत एक उत्तर देते आणि पुढे वेगळं. माझं मत आधीच सांगते: पहिल्या सहा महिन्यांत दुधाची निवड महत्त्वाची, त्यानंतर लोहाची. आपली काळजी मात्र बाळ वर्षाचं झालं तरी दुधापाशीच अडकलेली असते.

दुधात काय असतं

उष्मांक जवळजवळ सारखेच: 100 मिलीलिटरमागे 65 ते 70 कॅलरी, दूध आईचं असो वा फॉर्म्युला. प्रथिनं आईच्या दुधात साधारण 1 ग्रॅम, फॉर्म्युलात थोडी जास्त, आणि गाईच्या दुधात 3.3 ग्रॅमच्या आसपास. गाईच्या दुधातली जास्त प्रथिनं आणि क्षार लहान बाळाच्या मूत्रपिंडांना जड जातात, म्हणून पहिल्या सहा महिन्यांत ते पर्यायांच्या यादीतच नको. युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात कमी प्रथिनांचा फॉर्म्युला घेतलेल्या मुलांचं वजन पुढे सहाव्या वर्षीही तुलनेनं आटोक्यात होतं, म्हणजे ‘जास्त प्रथिनं, जास्त चांगलं’ हे या वयात लागू नाही.

खरा फरक आकड्यांत न मावणाऱ्या गोष्टींचा. आईच्या दुधात जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं असतात. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या घट्ट, पिवळसर चिकात ती सर्वांत जास्त असतात. हे डब्यात भरता येत नाही.

मग फायदा नेमका किती? बेलारूसमध्ये 1996-97 मध्ये सुमारे 17,000 माय-लेकरांवर एक चाचणी झाली. काही प्रसूतिगृहांत स्तनपानाला खास पाठबळ दिलं गेलं, बाकीच्यांत नेहमीची पद्धत चालू राहिली. पाठबळ मिळालेल्या गटात पहिल्या वर्षात पोटाचा संसर्ग झालेली बाळं शंभरात सुमारे 9 होती, दुसऱ्या गटात 13. इसबही कमी होता. साडेसहाव्या वर्षी भाषिक बुद्धिमत्तेच्या चाचणीत पहिला गट सरस ठरला, पण सोळाव्या वर्षापर्यंत तो फरक बराच पुसट झाला. लठ्ठपणात मात्र फरक दिसला नाही. दोन्ही गटांतल्या आयांनी सुरुवात अंगावर पाजूनच केली होती, हेही लक्षात घ्या. यावरून मी असा अर्थ काढते: अंगावरच्या दुधाचा फायदा खरा आहे, आणि तो संसर्गापासूनच्या संरक्षणात सर्वांत ठळक दिसतो. तरीही फॉर्म्युलावर वाढणारं बाळ काही मागे पडायला निघालेलं नसतं. जिला अंगावर पाजणं जमलं नाही तिला ‘बाळ मागे पडेल’ असं कुणी ऐकवू नये.

एक उणीव आईच्या दुधाची: ड जीवनसत्त्व त्यात फार थोडं असतं. म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज 400 आययू (जीवनसत्त्व मोजण्याचं एकक) ड जीवनसत्त्वाचे थेंब देण्याचा सल्ला डॉक्टर देतात. फॉर्म्युलात ते आधीच घातलेलं असतं.

थेट पाजणं आणि काढून देणं

दूध तेच, पण गोष्ट तीच नाही. स्तन जितके रिकामे होतात तितकं नवं दूध तयार होतं. साठून राहिलं की निर्मिती मंदावते. त्यामुळे आई बाहेर असताना दूध काढलं नाही आणि घरी बाळाला फॉर्म्युला दिला, तर काही आठवड्यांत अंगावरचं दूध आपोआप घटतं. मग ‘मला दूधच येत नाही’ असं वाटू लागतं. दूध चालू ठेवायचं असेल तर बाळ ज्या वेळी प्यायलं असतं त्याच सुमारास दूध काढायला हवं, आणि रात्रीचं पाजणं शक्य तितकं टिकवायला हवं.

काढलेल्या दुधाची मोठी सोय म्हणजे वडील, आजी, आजोबा कुणीही भरवू शकतात. 25 अंशांपर्यंतच्या तापमानाला ते चार तास टिकतं, त्याहून जास्त उकाड्यात कमी. फ्रिजमध्ये चार दिवस. फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत चांगलं. गरम करायला कोमट पाण्यात भांडं ठेवा, मायक्रोवेव्ह नको, कारण त्यात दूध असमान तापून तोंड भाजू शकतं.

किंमत वेळेत मोजावी लागते. पंप, निर्जंतुक भांडी, कामाच्या ठिकाणी दार लावता येईल अशी जागा. ही जागा मिळत नसेल तर पूर्ण काढलेल्या दुधावर राहण्याचा अट्टहास मी धरणार नाही. सकाळ-संध्याकाळ-रात्र अंगावर आणि दिवसा फॉर्म्युला, ही सांगड पुष्कळ घरांत नीट चालते. अंगावरचं थोडं दूधही वाया जात नाही.

पण ‘दूध पुरत नाही’ म्हणून डबा आणण्याआधी दोन गोष्टी पाहा. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले करतं का? आणि दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन परत गाठलं का? अंगावरची बाळं तीन-चार महिन्यांनंतर फॉर्म्युलावरच्या बाळांपेक्षा थोडी हळू भरतात, तो आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेचे 2006 चे वाढीचे तक्ते सहा देशांतल्या स्तनपानावर वाढलेल्या मुलांवरून केलेले आहेत. शेजारच्या बाळाऐवजी त्या तक्त्याशी ताडून पाहा. वजनाची रेषा तक्त्यावर खाली घसरत असेल तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

फॉर्म्युला निवडला तर

ब्रँडपेक्षा बनवण्याची पद्धत जास्त महत्त्वाची. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेलं पाणी 70 अंशांच्या खाली उतरण्याआधी त्यात पावडर मिसळायची, मग पिण्याजोगं निववायचं. डब्यातला चमचा सपाट भरायचा. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पाणी वाढवलं तर बाळ उपाशी राहतं आणि रक्तातलं सोडियम घसरतं. घट्ट केलं तर मूत्रपिंडांवर ताण येतो. बनवलेलं दूध दोन तासांत संपवा, उरलेलं टाका. स्वच्छ पाणी आणि इंधन खात्रीनं मिळत नसेल, तर या एकाच कारणासाठी अंगावरच्या दुधाचं पारडं खूप जड होतं.

सहा महिन्यांनंतर

बाळ जन्माला येताना लोहाचा साठा घेऊन येतं. तो चार ते सहा महिन्यांत सरत येतो. 7 ते 12 महिन्यांच्या बाळाला रोज सुमारे 11 मिलीग्रॅम लोह लागतं. आईच्या 700 मिलीलिटर दुधातून मिळतं जेमतेम 0.2 मिलीग्रॅम. ते छान शोषलं जातं, तरी गणित जुळत नाही. लोहयुक्त फॉर्म्युलाच्या तेवढ्याच दुधातून 4 ते 8 मिलीग्रॅम मिळू शकतं. म्हणजे इथे तराजू थोडा उलटतो: अंगावर पिणाऱ्या बाळाच्या ताटात लोह जास्त जागरूकपणे घालावं लागतं. मांस, मासे, अंडं, डाळी आणि कडधान्यं, लोह मिसळलेलं धान्य हे वरचं अन्न सुरू केल्याच्या पहिल्या दिवसापासूनचे पदार्थ आहेत, शेवटी द्यायचे नव्हेत. मांस खात नसाल तर डाळीबरोबर क जीवनसत्त्व असलेलं फळ किंवा भाजी द्या, लोह जास्त शोषलं जातं.

पाण्यासारखं पातळ अन्न हा इथला मोठा शत्रू. बाळाचं पोट किलोमागे सुमारे 30 मिलीलिटर सामावतं, म्हणजे आठ किलोच्या बाळाला एका वेळी 240 मिलीलिटर. ते डाळीच्या पाण्याने भरलं तर पोट भरतं, पोषण होत नाही. चमच्यातून ओघळणार नाही इतकं दाट असावं, वर थोडं तेल किंवा तूप. 6 ते 8 महिन्यांत दिवसातून दोन-तीनदा, नंतर तीन-चारदा.

चमच्याने भरवायचं की हाताने खाऊ द्यायचं, यावर घराघरांत वाद होतात. न्यूझीलंडच्या एका चाचणीत, लोह आणि घशात अडकण्याचा धोका यांची आधी नीट शिकवण देऊन, बाळांना स्वतः खाऊ दिलं. चमच्याने भरवलेल्या मुलांशी तुलना केली तर वजनात, लोहात, घशात अडकण्यात ठळक फरक दिसला नाही. म्हणून दोन्ही चालतं. चमच्याने दाट डाळ आणि हातात मऊ शिजलेल्या भाजीचा तुकडा, असं एकाच जेवणात करता येतं. पण मिक्सरमधलं गुळगुळीत अन्न वर्षभर चालवू नका. दहा महिन्यांपर्यंत गुठळ्या असलेलं अन्न न मिळालेली मुलं पुढे खाण्यात जास्त त्रास देतात असं ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत दिसलं. काय आणि कधी द्यायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते बाळाला ठरवू द्या. तोंड फिरवलं की थांबा. नवा पदार्थ दहा-पंधरा वेळा पुढे आल्यावर पसंत पडतो.

वर्षाच्या आत मध नाही. अख्खे शेंगदाणे किंवा सुक्यामेव्याचे अख्खे दाणे पाच वर्षांपर्यंत नाहीत. वाटलेले शेंगदाणे आणि अंडं मात्र उशिरा देण्याचं कारण उरलेलं नाही: 2015 च्या एका चाचणीत ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना शेंगदाणा लवकर सुरू केल्यावर त्याची ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी झाली. तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वर्षानंतर

इथे निवड सोपी होते. अंगावर पाजणं दोन वर्षांपर्यंत आणि हवं तर पुढेही चालू ठेवता येतं. नाहीतर साधं प्राणिज दूध पुरेसं आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं 2023 चं मार्गदर्शन अंगावर न पिणाऱ्या बाळांना सहा महिन्यांनंतरही प्राणिज दूध चालेल म्हणतं, पण लोहाचा विचार करून पुष्कळ बालरोगतज्ज्ञ ते वर्षापर्यंत टाळायला सांगतात, आणि मीही तेच निवडेन. ‘वाढत्या मुलांसाठी’ म्हणून विकली जाणारी पावडर याच मार्गदर्शनात शिफारशीत नाही. दूध दिवसाला 500 मिलीलिटरच्या आत ठेवा. त्यापुढे मूल दुधानेच पोट भरून घेतं, जेवण टाळतं, आणि लोह पुन्हा घसरू लागतं.