फेणे आधी की श्याम? मुलांसाठी मराठी पुस्तक निवडताना

पुस्तकावर छापलेल्या वयोगटावर फार विसंबू नका. इंग्रजी माध्यमात शिकणारी नऊ वर्षांची मुलगी मराठी गोष्ट ऐकताना नऊ वर्षांचीच असते, पण स्वतः वाचायला बसली की जोडाक्षरांना अडखळते आणि दुसऱ्या पानावर पुस्तक मिटून टाकते. म्हणून आधी एवढंच ठरवा, की पुस्तक तुम्ही वाचून दाखवणार आहात की तिच्या हातात देऊन मोकळे होणार आहात. पुढच्या जोड्या मी त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

अगदी लहानांसाठी, म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ हा छोट्या पुस्तकांचा संच आणि विंदा करंदीकरांच्या बालकविता. राधाच्या पुस्तकांत घरातली माणसं आहेत, आपण बोलतो तशी साधी वाक्यं आहेत आणि खूप काही सांगणारी चित्रं आहेत. वाचता न येणारं मूलही ती पुस्तकं एकटं चाळत बसतं. ‘पिशी मावशी आणि तिची भुतावळ’ किंवा ‘एटू लोकांचा देश’ यांचं तसं नाही. त्या कविता मोठ्यानं, ठेक्यात म्हणाव्या लागतात. बातम्या वाचल्यासारख्या वाचल्या तर त्यातली सगळी गंमत जाते. घरात गळा मोकळा सोडणारी एखादी आजी किंवा आत्या असेल तर विंदा घ्या, नाहीतर राधा.

आठ ते अकरा हा सगळ्यात अवघड टप्पा, कारण वाचनाची सवय लागते ती इथेच आणि सुटते तीही इथेच. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’, दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ आणि ना. धों. ताम्हणकरांचा ‘गोट्या’ ही तीन नावं दुकानदार एका दमात सांगतो, पण तिघांचा पिंड वेगळा आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल हाणतो, तोंडाने ‘ट्टॉक’ असा आवाज करतो आणि जाईल तिथे भानगडीत सापडतो. गोष्टी वेगवान आहेत, काश्मीरपासून प्रतापगडापर्यंत नवनव्या ठिकाणी घडतात, आणि एक संपलं की पुढचं पुस्तक हजर असतं. मालिका लांबलचक असण्याचा हा फायदा मोठाच. अडचण एवढीच, की काळ जुना आहे. मोबाइलशिवाय चोर कसा पकडतात, हे मधूनमधून समजवावं लागेल. मूल २०१७ चा चित्रपट बघून आलं असेल तर आधीच सांगून ठेवा, की पुस्तकातला फेणे शाळकरी आहे.

बोक्या आजच्या मुलांना जास्त जवळचा. शहरी घर, शेजारपाजार, अंगाशी येणारे उपद्व्याप. गोष्टी सुट्या आणि आटोपशीर. ज्याला सलग शंभर पानं झेपत नाहीत, त्याच्या हाती मी आधी बोक्याच देईन आणि मग फेणे. गोट्यातला खट्याळपणा अजून ताजा आहे, पण भाषा आणि घर जुन्या वळणाचं. तो वाचून दाखवायचा. स्वतः वाचायला दिला तर तो बहुधा कपाटातच राहील.

बारा वर्षांच्या आसपास नातेवाइकांकडून ‘श्यामची आई’ हमखास येतं. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात बेचाळीस रात्री आहेत, आणि ही रचनाच वाचून दाखवायला सोयीची आहे: एका संध्याकाळी एक रात्र. मात्र संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका. तिच्यात कोकणातलं घर वगळलं जातं आणि उपदेश तेवढा उरतो. त्याच वयाला वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) आहे. अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेला अनाथ मुलगा शिकत शिकत टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेत पोचतो आणि शेंगदाण्यापासून काय काय बनवतो. मातीत, झाडांत, प्रयोगांत रमणाऱ्या मुलाला हेच आधी द्या. हळव्या मुलाला श्याम आवडेल. धाकानं वाचायला लावलेला श्याम मात्र कुणालाच आवडत नाही. विज्ञानकथांची ओढ असेल तर या दोन्हींना बगल देऊन जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ घ्यायलाही हरकत नाही.

चौदाच्या पुढे माझी शिफारस थोडी पक्षपाती आहे: प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. आजीआजोबांकडे राहणारा लंपन, सीमाभागातली कानडी वळणाची मराठी आणि त्याच्या तोंडी सारखा येणारा तो ‘मॅड’ शब्द. पहिली काही पानं भाषा परकी वाटते, तिथे धीर धरावा लागतो. तेवढा धीर नसेल तर व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ द्या. छोटंसं आहे, त्यात वानरांच्या टोळ्यांमधला सत्तासंघर्ष आहे आणि वाक्यं आखूड, धारदार. त्यात पिल्लांची हत्याही येते, तेव्हा फार कोवळ्या मनाच्या मुलाला आणखी वर्षभर थांबवलेलं बरं.

खर्च करण्याआधी मुलाचा कल जोखायचा असेल, किंवा तुम्ही परदेशात असाल आणि पार्सलचा खर्च पुस्तकापेक्षा जास्त होत असेल, तर दोन फुकट सोयी आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी वाचनपातळीनुसार लावलेल्या आहेत, जोडाक्षरांना अडखळणाऱ्यांनी पहिल्या पातळीपासून सुरुवात करावी, वय कितीही असो. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंकही ऑनलाइन वाचता येतात, पण ते बरं वाचता येणाऱ्या मुलांसाठी.