टेलिमानस १४४१६ : कोल्हापुरातल्या पालकांना कितपत उपयोगी?

बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार, थोडक्यात बीपीडी. यात भावना टोकाला जातात, नाती सतत डळमळतात आणि स्वतःला इजा करून घेतली जाते. हे नाव घ्यायला डॉक्टरही बिचकतात आणि ‘अठरा पूर्ण होऊ देत’ म्हणून वेळ जातो. खरं तर नऊपैकी किमान पाच लक्षणं वर्षभर टिकली, तर अठराच्या आतही निदान करता येतं. दोन-तीनच दिसत असली तरी मदत तेव्हाच सुरू करावी.

त्या पहिल्या पावलाला १४४१६ चांगला. टेलिमानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोन हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही. आधी समुपदेशक बोलतात, गरज दिसली तर तज्ज्ञांशी जोडून देतात.

‘पोरगी लई तापट झालीय’ एवढ्यावर मात्र कुणालाच काही कळत नाही. फोनआधी कागदावर उतरवा : भडका कशावरून उडतो (बऱ्याचदा मैत्रिणीनं फोन उचलला नाही, एवढ्यावरूनही) आणि किती वेळ टिकतो, हातावर ब्लेडच्या खुणा कधीपासून, झोप, नशा. लहानपणी मारहाण किंवा लैंगिक अत्याचार, वर्गातला छळ, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा), घरात आणखी कुणाला असा त्रास, हेही सांगा. हे धोका वाढवणारे घटक आहेत, पण यातला एकटा कुठलाही आजार घडवत नाही. आईबापाला आरोपी करायला ही यादी नव्हे.

आणि जीव द्यायच्या भरात हाताशी येईल असं घरातलं विष? उसाच्या पट्ट्यात तणनाशकाचा डबा गोठ्यात उघडाच पडलेला असतो. तो आजच कुलपात जावा. ‘नुसती नाटकं करते’ असं वाटत असलं तरी. पोलीस केसच्या धास्तीनं लपवाछपवी नको, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला सहसा शिक्षेपासून संरक्षण दिलंय.

उणीव एकच, पण मोठी : हेल्पलाइन म्हणजे उपचार नव्हे. या मुलांची मुख्य भीती माणूस सोडून जाईल ही. त्यांना ठरल्या वारी, ठरल्या वेळी तेच माणूस भेटावं लागतं. म्हणून फोननंतर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा खासगी तज्ज्ञाकडं नियमित जाणं सुरू करा. डीबीटी (भावना आवरायला शिकवणारी खास मानसोपचार पद्धत) करणारे जवळ नसले तरी हातपाय गाळू नका. मेलबर्नला १५ ते २५ वयाच्या १३९ जणांवर चाचणी झाली. त्यात तीन गट होते. एकाला खास मानसोपचार मिळाला, बाकी दोघांना तो न देता नियमित देखरेख मिळाली; तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले.

बीपीडीवर म्हणून खास गोळी नाही. सोबतच्या नैराश्यासाठी देतात. चिठ्ठीवरची प्रत्येक गोळी कशासाठी आणि कधीपर्यंत, हे तिथंच विचारून घ्या.