मुरबाडच्या प्लॉटमध्ये मुरलेलं जुनं औषध: जिवाणूंची बाटली, बुरशी, वाळा की भाताचं खाचर?

ठाण्यात फ्लॅट आणि मुरबाड-शहापूरकडे दहा-वीस गुंठे, अशी सोय केलेल्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. आधीच्या मालकाने भेंडी-वांग्यावर भरमसाट औषध मारलंय, आता आम्हाला घरची भाजी करायची आहे, तर माती साफ कशी करायची? दुसरा प्रश्न घोडबंदर रोडच्या सोसायट्यांचा: इमारतीच्या कडेने वाळवीचं औषध टाकलेलं आहे, तिथे पालक-मेथी लावली तर चालेल का? ऐकायला दोन्ही एकच वाटतात, पण उत्तरं पार वेगळी आहेत.

पद्धत निवडण्याआधी औषध कुठलं ते कळायला हवं. मृदा आरोग्य पत्रिकेवर विसंबू नका. तिच्यात नत्र-स्फुरद-पालाश, सामू वगैरे 12 गोष्टी असतात, कीटकनाशकाचा अवशेष त्यात नसतो. त्यासाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत वेगळी तपासणी करावी लागते आणि ती मागताना मूळ औषधाबरोबर त्यापासून तयार होणारे पदार्थही मागायचे. एन्डोसल्फान या कीटकनाशकाचंच बघा. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये त्यावर बंदी घातली. मातीतले जिवाणू त्याचं एन्डोसल्फान सल्फेट करतात, आणि ते मुळाइतकंच विषारी, वर जास्त टिकाऊ. अहवालात फक्त मूळ औषध शोधलं असेल तर आकडा छान दिसेल आणि तुम्ही फसाल.

आता सरळ तुलना. क्लोरपायरिफॉससारखी हल्लीची औषधं पिकाच्या मात्रेत मारली असतील, तर साधारण 60 ते 120 दिवसांत त्यांचं प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणजे प्लॉट दोन पावसाळे पडीक असेल तर बरंचसं काम होऊन गेलेलं असतं. इथे माझं मत स्पष्ट आहे: पैसे बाटलीवर घालू नका, कंपोस्टवर घाला. दोन-तीन बोटं जाडीचा चांगला कुजलेल्या खताचा थर, वरची वीतभर माती हलवून त्यात मिसळायची आणि पावसाळा संपल्यावर वाफसा टिकवायचा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि अंगठ्याने टोकरल्यावर फुटावा, इतकाच ओलावा. औषध फोडणारे बरेचसे जिवाणू तुमच्या मातीत आधीपासूनच असतात. त्यांना खायला, प्यायला आणि हवा लागते, एवढंच. जीवामृतही त्यांना गूळ-बेसन खाऊ घालतं, तेव्हा घालायचं तर घाला, पण कंपोस्टच्या ऐवजी नको.

बाटलीतले जिवाणू पूर्ण निरुपयोगी आहेत असं मात्र नाही. लिंडेन हे कीटकनाशक ज्या एचसीएच या क्लोरीनयुक्त रसायनांच्या गटातलं, तो गट फोडणारा स्फिंगोबियम इंडिकम बी-90ए हा जिवाणू भारतातल्या मातीतच सापडला आणि त्याच्यावर चांगलं संशोधन झालंय. पण अशा जिवाणूचं एका विशिष्ट रसायनाशी जमतं. दुकानातल्या ‘सर्व विषांवर एकच उपाय’ छाप मिश्रणात कुठला जिवाणू आहे, तो कुठल्या औषधावर चालतो, हे लेबलवर नसेल तर ती बाटली परत ठेवा. शिवाय नवख्या जिवाणूला तुमच्या मातीतल्या जुन्या जिवाणूंशी झगडून तगावं लागतं, आणि ते बहुतेकदा जमत नाही.

अहवालात डीडीटी किंवा एचसीएचसारखं जुनं क्लोरीनयुक्त औषध निघालं तर गणित बदलतं. डीडीटीचा शेतीतला वापर 1989 मध्येच थांबला, तरी ते निम्म्यावर यायला मातीत 2 ते 15 वर्षं जातात. अशा रेणूंवरचा क्लोरीन काढायला हवा नसलेली जागा लागते, आणि उरलेला सांगाडा फोडायला पुन्हा हवा. परदेशात यासाठी माती आलटून पालटून भिजवण्या-वाळवण्याचे खर्चिक उपाय करतात. आपल्याकडे पावसाळ्यात भात आणि मग त्याच ओलीवर वाल, हे पीकच ते करतं. चिखलणी करून पाणी कोंडलेल्या खाचरात एचसीएच वाफशाच्या मातीपेक्षा बरंच लवकर फुटतं, पुढे वालाच्या हंगामात माती मोकळी होऊन हवा खेळते. अडचण एवढीच की फार्महाऊसवाले आधी खाचरात मुरूम टाकून बांध फोडतात. बांध शाबूत असतील तर राहू द्या आणि गावातल्या एखाद्याला भात करायला द्या. एचसीएचचाच एक चिवट प्रकार असलेलं बीटा-एचसीएच आणि डीडीटीपासून होणारं डीडीई मात्र यालाही दाद देत नाहीत, तिथे वर्षं मोजायची तयारी ठेवा.

बुरशीची गोष्ट मला सगळ्यात आवडते, पण दहा गुंठ्यांसाठी मी ती सुचवणार नाही. लाकूड कुजवणारी पांढरी बुरशी डीडीटी आणि लिंडेनही फोडते, हे 1985 मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. लाकडातलं लिग्निन तोडायला ती जी विकरं (एन्झाइम) सोडते ती फार चोखंदळ नसतात. धिंगरी अळंबीही (ऑयस्टर मशरूम) त्याच जातकुळीची. अळंबीवाल्याकडून वापरून झालेल्या पिशव्या मिळाल्या तर फोडून बघा: भाताचा पेंढा पांढऱ्या तंतूंनी इतका विणलेला असतो की वडीसारखा तुकडा पडतो. फवारणीचं औषध कालवायची जागा, पंप धुवायचा कोपरा, अशा चार-पाच चौरस मीटरच्या डागावर हा पेंढा मिसळून ओला ठेवणं परवडतं. अख्ख्या शेताला पुरेल एवढा पेंढा आणायचा कुठून?

वनस्पतींचं थोडक्यात. वाळा उताराच्या कडेला लावा, त्याची खोल मुळं पावसात वाहून जाणारी माती आणि तिला चिकटलेलं औषध अडवतात. पण त्याने शेत ‘शोषून’ साफ होईल ही आशा नको. उलट काकडी-भोपळ्याच्या कुळातल्या काही वेली, विशेषतः झुकिनी, मातीतलं डीडीई खरोखर ओढून घेतात. म्हणूनच अशा मातीत त्या खाण्यासाठी लावायच्या नाहीत. बोर्डो मिश्रणातलं (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) तांबं साचलं असेल तर ते मूलद्रव्य आहे, कुठलाही जीव ते फोडू शकत नाही.

राहिली सोसायटी. बांधकामाआधी वाळवीसाठी जमिनीवर 1 टक्का क्लोरपायरिफॉसचं द्रावण चौरस मीटरला 5 लिटर ओततात, म्हणजे 50 ग्रॅम औषध. शेतात फवारणीतून तेवढ्याच जागेवर ग्रॅमचा विसावा भागही मुश्किलीने पडतो. हजारपट मात्रेत जिवाणूंचाच जीव जातो, त्यामुळे तेच औषध तिथे महिन्यांऐवजी वर्षानुवर्षं टिकतं. आणि ते टिकावं म्हणूनच ओतलेलं असतं. तिथे कंपोस्ट, बुरशी, वाळा काहीही करू नका. जोत्यालगत खणलंत तर वाळवीला वाट मिळेल आणि विषारी माती वर येईल. भाजी गच्चीवर नाहीतर इमारतीपासून लांब, बाहेरून आणलेल्या मातीच्या उंच वाफ्यात लावा. कडेला शोभेची झाडं हवी असतील तर कुंड्यांतच.