फर्गबर्गर, क्वीन्सटाउन : सात महिने खाऊन झाल्यावर

न्यूझीलंडमधल्या क्वीन्सटाउनला पोचले त्याच्या तिसऱ्या दिवशी फर्गबर्गर या बर्गरच्या दुकानात गेले आणि शॉटओव्हर स्ट्रीटवरची रांग बघून तशीच परत फिरले. एका बर्गरसाठी इतका वेळ उभं राहायचं, हे काही पटेना. पुढे हॉटेलातल्या नोकरीमुळे या गावात सात महिने राहणं झालं आणि तेवढ्यात तिथे पंचवीसेक वेळा तरी खाल्लं. म्हणून आता मनापासून लिहिते आहे.

2000 च्या सुमाराला काऊ लेन नावाच्या गल्लीत एका गॅरेजमध्ये सुरू झालेलं हे दुकान. आता शेजारी त्यांचीच बेकरी आहे.

आधीच सांगते, मी बीफ खात नाही. त्यामुळे ज्या बर्गरवर दुकानाचं नाव झालं तो मी चाखलेला नाही. माझा ठरलेला बर्गर म्हणजे लॅम्बचा. न्यूझीलंडचं कोवळं मटण, त्यावर पुदिन्याची जेली, टोमॅटोचं रेलिश म्हणजे आंबटगोड चटणी, लाल कांदा आणि लसणाची आयोली, म्हणजे मेयोनीजसारखा सॉस. पुदिना गोड लागतो हे आपल्या जिभेला आधी विचित्र वाटतं. चटणी म्हटली की आपण मिरचीच शोधतो. तिसऱ्या खेपेला मला त्याची गंमत कळली. मटणाला एक उग्र वास असतो, तो ही जेली बरोबर दाबते आणि रेलिशचा आंबटपणा मागून येतो. हरणाच्या मांसाचा बर्गरही मिळतो, आलुबुखारच्या चटणीबरोबर. तांबडं हरीण इथलं मूळचं नव्हे, एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी शिकारीसाठी आणून सोडलं आणि ते इतकं वाढलं की जंगलाला उपद्रव झाला. पुढे त्याचीच शेती सुरू झाली. चव घ्यायला एकदा जरूर खावा, पण मी पुन्हा लॅम्बकडेच वळले.

खरी कमाल मात्र बनची. तळहाताहून मोठा, वरून किंचित कडक, आतली बाजू भाजलेली. कागद पूर्ण सोडायचा नाही, जसजसं खाल तसतसा खाली सरकवायचा. शेवटच्या घासापर्यंत रस मनगटावर ओघळतो, पण बनचा लगदा होत नाही. महाग बर्गर मी इतरत्रही खाल्ले आहेत, त्यातले निम्मे अर्ध्यावरच हातात फुटले. चिप्स, म्हणजे फ्रेंच फ्राइज, मागवायच्या भानगडीत पडू नका, बर्गरनेच पोट गच्च भरतं.

नवरा शाकाहारी. त्याच्यासाठी फलाफलचा, म्हणजे छोल्यांच्या तळलेल्या वड्यांचा बर्गर, वर लिंबू घातलेलं दही आणि अव्होकाडो. तो दर वेळी आनंदाने खातो. शाकाहारी मंडळींना एक कळकळीची सूचना : परदेशात कुठेही पॅटी कोणत्या तव्यावर भाजतात किंवा कोणत्या तेलात तळतात हे विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. दुसऱ्या एका शहरात, एका नावाजलेल्या ठिकाणी, मांसाच्या तव्यावरच भाजलेली पॅटी त्याच्या पुढ्यात आली होती. त्या रात्री तो उपाशी झोपला.

रांगेचं म्हणाल तर वेळ साधायला हवी. जेवायच्या वेळी आणि जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, स्कीवाले डोंगरावरून उतरल्यावर जाणं टाळा. मी सुटीच्या दिवशी सकाळी लवकर जायची किंवा दुपारी तीनच्या सुमाराला. फोनवर ऑर्डर देऊन ठेवली की उभं राहावं लागत नाही, हे मला तिथल्या सहकारणीने चौथ्या महिन्यात सांगितलं.

आत बसायला जागा थोडी. कागदी पिशवी घेऊन सरळ वाकाटिपू तलावाकडे चालत जा, पाच मिनिटांचाही रस्ता नाही. समोर रिमार्केबल्स या डोंगररांगेचे सुळके, हिवाळ्यात माथ्यापासून खालपर्यंत पांढरे. लाल चोचीचे सीगल पायापाशी येऊन उभे राहतात आणि नजर हटली की थेट झडप घालतात. त्यांना खाऊ घालू नका आणि पिशवी मांडीवरच ठेवा.